टिळकांच्या बाजूने सायमन, समोर कार्सन: 'के. सी.' लावणारे दोन पुढारी

रानवाट (धागाकर्ता)

गेले दोन महिने चिरोल खटल्याबद्दल हाती लागेल ते वाचतोय. कारण घरचंच आहे. आजी सांगायची, तिच्या वडिलांनी १९१९ साली लोकमान्यांच्या फंडाला वर्गणी दिली होती, तीही गोऱ्हा विकून आलेल्या पैशातून. टिळकांना फंड कशाला लागला, हे लहानपणी कधी विचारलं नाही. आता कळलं. लंडनच्या कोर्टात ते अब्रुनुकसानीचा दावा हरले होते, आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे समोरच्या पक्षाचा खर्चही त्यांच्याच अंगावर पडला होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. व्हॅलेंटाइन चिरोल हा लंडनच्या 'टाइम्स'चा माणूस. १९१० साली त्याचं 'इंडियन अनरेस्ट' हे पुस्तक आलं. रँडचा खून, नाशिकला जॅक्सनचा खून, या सगळ्यामागे टिळकांची चिथावणी आहे असा त्याचा रोख होता. ताई महाराज प्रकरणावरूनही (तो दत्तकाचा वाद होता) त्याने टिळकांवर चिखल उडवला होता. त्या प्रकरणात १९१५ साली प्रिव्ही कौन्सिलने टिळकांच्या बाजूने निकाल दिला. टिळकांनी चिरोलवर आणि प्रकाशकावर दावा लावला, १९१८ मध्ये विलायतेला गेले, आणि जानेवारी १९१९ च्या अखेरीस न्यायमूर्ती डार्लिंग आणि ज्यूरीपुढे खटला उभा राहिला. फेब्रुवारीत निकाल विरुद्ध गेला.

आता माझा प्रश्न. टिळकांच्या बाजूने उभे होते सर जॉन सायमन, के. सी. चिरोलच्या बाजूने सर एडवर्ड कार्सन, के. सी. दोघांच्या नावामागे तीच दोन अक्षरं, दोघंही वकील आणि दोघंही मुरलेले राजकारणी. सायमन तर तोच, ज्याच्या नावाने १९२८ साली अख्ख्या देशात 'सायमन गो बॅक' झालं. ही पदवी नेमकी काय आहे? सरकारची मेहेरबानी, कोर्टाचा मान, की वकिलीतली लायकी? आणि ज्याने टिळकांची बाजू मांडली तोच नऊ वर्षांनी काळे झेंडे बघायला येतो, याचा अर्थ कसा लावायचा? मला हे खरंच उमजत नाही. जाणकारांनी लिहावं.

वकील_सातारकर

रानवाट, आजीची गोष्ट वाचून थांबलो क्षणभर. आमच्याकडेही असं काहीसं ऐकलंय.

पदवीचं सांगतो. के. सी. म्हणजे किंग्ज काउन्सेल. गादीवर राणी असेल तर क्वीन्स काउन्सेल, म्हणजे क्यू. सी. मूळ अर्थ 'राजाचा वकील'. सुरुवात फ्रान्सिस बेकनपासून धरतात, पहिल्या एलिझाबेथच्या काळात, सोळावं शतक संपताना. पुढे राजाचं काम मागे पडलं आणि राजाच्या सहीशिक्क्याचं पेटंट, म्हणजे सनद, तेवढं राहिलं. नामवंत, मुरलेल्या बॅरिस्टरला ते मिळतं. मग त्याचा साधा सुती-लोकरी गाऊन जाऊन रेशमी गाऊन येतो. म्हणून तिकडे 'सिल्क घेतलं' म्हणतात आणि त्या वकिलालाही नुसतं 'सिल्क' म्हणतात. कोर्टात त्याची जागा पुढच्या बाकावर.

पण याची दुसरी बाजू लोकांना माहीत नसते. सिल्क घेतलं की धंदा बदलतो. बारीकसारीक कामं बंद होतात. पूर्वी सिल्कला ज्युनिअरशिवाय उभंच राहता येत नसे, आणि ज्युनिअरची फी साधारण सिल्कच्या फीच्या दोन तृतीयांश. म्हणजे पक्षकाराला एक सिल्क केला की दोन वकिलांची फी. हा नियम १९७७ मध्ये गेला. टिळकांच्या वेळी तो पुरा होता. तुमच्या पणजोबांच्या गोऱ्ह्याचे पैसे कुठे गेले, त्याचं एक उत्तर इथे आहे.

आणखी एक. राजाचा वकील म्हणून राजाविरुद्ध, म्हणजे सरकारविरुद्ध उभं राहायचं तर के. सी.ला खास परवाना काढावा लागे. ही अट १९२० पर्यंत होती. टिळकांचा दावा सरकारवर नव्हता, चिरोलवर होता, त्यामुळे सायमनला ती अडचण नव्हती.

थेम्सकाठ

मी लंडनमध्ये राहते, कायद्याशी संबंध फक्त ऑफिसच्या कामापुरता. पण ८ सप्टेंबर २०२२ चा दिवस लक्षात आहे. संध्याकाळी राणी गेल्याची बातमी आली, आणि राणी गेल्या क्षणापासूनच सगळे क्यू. सी. आपोआप के. सी. झाले होते. दुसऱ्या दिवशी ऑफिसात ईमेलच्या सह्या बदलण्याचं काम चाललं होतं. कार्सन यांचंही असंच झालं असणार. ते व्हिक्टोरियाच्या काळातले क्यू. सी., १९०१ मध्ये राणी गेली आणि के. सी. झाले.

आजच्या काळातलं ठळक उदाहरण केअर स्टार्मर. मानवाधिकारांच्या खटल्यांतून नाव कमावलं, २००२ मध्ये क्यू. सी., २००८ ते २०१३ सरकारी खटले चालवणाऱ्या खात्याचे प्रमुख, २०१५ मध्ये खासदार, २०२० मध्ये मजूर पक्षाचे नेते, जुलै २०२४ मध्ये पंतप्रधान. आपल्याकडच्या बातम्यांत एक गल्लत वारंवार दिसते. त्यांच्या नावाआधीचं 'सर' या वकिली पदवीमुळे नाही. ते २०१४ च्या के. सी. बी. या किताबामुळे. के. सी. आणि के. सी. बी. या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

मुळामुठा

स्टार्मर नंतर. मला कार्सनबद्दल लिहायचंय, कारण तो माणूस समजल्याशिवाय हा खटला समजत नाही.

कार्सन डब्लिनचा. १८८९ मध्ये आयर्लंडात क्यू. सी., १८९२ मध्ये खासदार, १८९४ मध्ये इंग्लंडातही क्यू. सी. दुसऱ्याच वर्षी लेखक ऑस्कर वाइल्डचा खटला. क्वीन्सबरीच्या जहागीरदाराने बदनामी केली म्हणून वाइल्ड कोर्टात गेला आणि जहागीरदाराच्या वतीने कार्सनने त्याची उलटतपासणी घेतली. दोघं डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात एकाच काळात शिकलेले. तक्रार घेऊन आलेला वाइल्ड त्या उलटतपासणीतून आरोपी होऊन बाहेर पडला आणि शेवटी तुरुंगात गेला.

टिळकांच्या बाबतीत हत्यार तेच. १९०८ मध्ये टिळक आरोपी होते. त्या काळी आपल्याकडे आरोपीला शपथेवर साक्ष देता येत नसे. त्यामुळे टिळक एकवीस तासांहून अधिक वेळ स्वतःच बोलले आणि त्यांना कोणी उलट प्रश्न विचारू शकलं नाही. १९१९ मध्ये ते वादी होते. आपली अब्रू गेली म्हणणाऱ्याला पिंजऱ्यात उभं राहावंच लागतं, आणि एकदा उभं राहिलं की मुळात अब्रू होती किती, हेच समोरचा वकील विचारतो. कार्सनने १८९७ ची शिक्षा काढली, १९०८ ची काढली, 'केसरी'तले जुने लेख काढले. अफझलखानाच्या वधावरचं भाषण इंग्रज ज्यूरीपुढे वाचून दाखवलं तर काय होणार? मराठी माणसाला त्या शब्दांचा जो अर्थ लागतो तो त्या बाकावरच्या बारा जणांना लागणं शक्यच नव्हतं.

आणि हे सगळं विचारणारा कोण? सप्टेंबर १९१२ मध्ये आयर्लंडच्या स्वराज्याविरुद्ध अल्स्टरचा, म्हणजे आयर्लंडच्या उत्तर भागाचा, करार झाला, त्यावर पहिली सही कार्सनची. त्यामागोमाग अल्स्टर स्वयंसेवक दल उभं राहिलं, १९१४ च्या एप्रिलमध्ये त्यांच्यासाठी सुमारे २५,००० रायफली चोरून उतरवल्या गेल्या. पार्लमेंटने कायदा केला तरी आम्ही बंदुका घेऊन तो मोडू, असं उघड म्हणणाऱ्या चळवळीचा हा नेता. त्याच्यावर खटला झाला नाही. १९१५ मध्ये तो इंग्लंडचा ॲटर्नी जनरल झाला, म्हणजे सरकारचा सर्वांत मोठा वकील. टिळकांना दोन लेखांसाठी सहा वर्षं मंडाले. मग चार वर्षांनी तोच कार्सन त्यांना विचारतो की तुम्ही हिंसेला चिथावणी दिली की नाही.

मी हे गेली वीस वर्षं वाचतोय आणि दर वेळी तितकाच संताप होतो.

शेवंता

मुळामुठा काका, संताप पटला. पण कार्सनची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. १९०८ मध्ये एका तेरा वर्षांच्या नौदल कॅडेटवर पाच शिलिंगांची पोस्टल ऑर्डर चोरल्याचा आळ आला. सगळं नौदल खातं त्या पोराविरुद्ध. कार्सनने ते प्रकरण अंगावर घेतलं आणि १९१० मध्ये खात्याला माघार घ्यायला लावली. त्या वेळी तो स्वतः खासदार आणि माजी सॉलिसिटर जनरल, म्हणजे ॲटर्नी जनरलच्या खालोखालचा सरकारी वकील, होता. सरकारी खात्याशी भांडायची त्याला काही गरज नव्हती. पोरगा खरं बोलतोय याची स्वतः खात्री करून घेतली आणि मगच उभा राहिला.

म्हणून मला वाटतं, रानवाटदादांच्या प्रश्नाचं उत्तर असं असावं. पदवी त्या माणसाच्या वकिलीला होती. त्याच्या राजकारणाबद्दल ती काहीच सांगत नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही.

रानवाट

शेवंताताई, हे माहीत नव्हतं, आभार. पण मग सायमन? त्याने टिळकांचा खटला घेतला तो सहानुभूतीने की फीसाठी?

वकील_सातारकर

दोन्ही नाही, असं म्हणेन. बॅरिस्टरांचा जुना रिवाज आहे, रांगेतल्या टॅक्सीसारखा. पुढचा पक्षकार जो येईल त्याचं काम घ्यायचं, तो आवडो न आवडो. याचं मोठं उदाहरण टॉमस अर्स्किन. १७९२ मध्ये टॉमस पेन या लेखकावर राजद्रोहाचा खटला झाला, सगळं इंग्लंड पेनविरुद्ध पेटलेलं. अर्स्किन त्या वेळी युवराजाचा ॲटर्नी जनरल. त्याने पेनचं ब्रीफ, म्हणजे खटल्याचं काम, घेतलं आणि ते पद गमावलं. पेन दोषी ठरला. पण वकिलाने पक्षकार बघून मागे हटायचं नाही, हे अर्स्किनमुळे पक्कं झालं. तोही राजकारणीच होता, पुढे १८०६ मध्ये लॉर्ड चॅन्सेलर झाला.

आपल्या बार कौन्सिलच्या नियमांतही हेच आहे: वकिलाने आपल्या दर्जाला साजेशी फी मिळत असेल तर ब्रीफ स्वीकारावं, काही खास कारण असेल तरच नाकारावं. मी स्वतः तालुक्याच्या कोर्टात अशा माणसाची केस चालवली आहे ज्याच्याशी गावात बोलतही नव्हतो. केस संपल्यावर पुन्हा बोलणं बंद. त्यात मला काही विसंगत वाटलं नाही.

सायमनच्या त्या वेळच्या परिस्थितीकडेही बघा. १९०८ मध्ये के. सी., १९१० मध्ये सॉलिसिटर जनरल, १९१३ मध्ये ॲटर्नी जनरल, १९१५ मध्ये गृहमंत्री. सक्तीच्या लष्करभरतीला विरोध म्हणून १९१६ च्या सुरुवातीला राजीनामा. डिसेंबर १९१८ च्या निवडणुकीत पडला. म्हणजे जानेवारी १९१९ मध्ये तो फक्त वकील होता, खासदारही नव्हता. समोरचा कार्सन मात्र त्याच निवडणुकीत बेलफास्टमधून निवडून आलेला. टिळकांच्या बाजूने पराभूत उमेदवार, विरुद्ध बाजूने विजयी, आणि महायुद्ध नुकतंच जिंकलेलं. ज्यूरीला हे दिसत नव्हतं असं कोण म्हणेल.

जुनीपानं

१९२८ बद्दल लिहिते. सायमन ३ फेब्रुवारी १९२८ रोजी मुंबईत उतरला तो कडकडीत हरताळात. आयोगात सात जण, सातही ब्रिटिश पार्लमेंटचे, एकही हिंदी माणूस नाही. राग त्याचा होता. लाहोरला ऑक्टोबरात लाठीमार झाला आणि नोव्हेंबरात लाला लजपतराय गेले.

पण याच आयोगापुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर गेले, हे या धाग्यात यायलाच हवं. बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे निवेदन दिलं आणि ऑक्टोबर १९२८ मध्ये पुण्यात साक्ष दिली. त्यासाठी त्यांना किती शिव्या पडल्या! काँग्रेसचा बहिष्कार असताना सायमनसमोर का गेलात म्हणून. बाबासाहेब स्वतः ग्रेज इन या लंडनच्या वकील-संस्थेचे बॅरिस्टर, १९२२ चे. समोर बसलेला वकील कोण आहे हे त्यांना नीट ठाऊक होतं. अस्पृश्यांचं म्हणणं ज्या ठिकाणी नोंदलं जाईल तिथे जायचं, हा त्यांचा निर्णय होता. प्रौढ मताधिकाराची मागणी त्यांनी तिथे मांडली. सायमनकडे फक्त काळ्या झेंड्यांतून पाहिलं की ही साक्ष नजरेआड होते, आणि आमच्या घरात ती कधीच नजरेआड नव्हती.

मुळामुठा

जुनीपानं, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. मीही शाळेत फक्त झेंडेच शिकलो.

वकीलसाहेब, अर्स्किन ठीक, पण आपल्याकडचं याहून बोचणारं उदाहरण आहे. १८९७ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला तेव्हा त्यांना जामीन मिळवून देणारे वकील दिनशा दावर. १९०८ मध्ये तेच दावर न्यायमूर्ती. जामिनासाठी जिनांनी अर्ज केला तो दावरांनी फेटाळला, आणि सात विरुद्ध दोन अशा ज्यूरीच्या कौलावर सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षाही त्यांनीच सुनावली. याला टॅक्सीच्या रांगेचा नियम कसा लावणार?

वकील_सातारकर

नाही लावता येत. वकिलाने काम घेणं वेगळं आणि न्यायाधीशाने बसणं वेगळं. दावरांनी तो खटला आपल्यापुढे ठेवायला नको होता असं माझं स्पष्ट मत आहे. आजचा न्यायाधीश अशा वेळी बाजूला होतो.

टोरांटोकर

मूळ पदवीकडे येतो. इथे कॅनडातही के. सी. आहे आणि राजकारण्यांनी तिची काय अवस्था केली ते मी पाहिलंय. ऑन्टारियो प्रांतात १९८५ मध्ये ही पदवी देणं थांबवलं होतं, कारण ती सत्ताधारी पक्षाच्या ओळखीपाळखीवर वाटली जात होती. ३० जून २०२३ रोजी प्रांत सरकारने ती अचानक पुन्हा सुरू केली आणि ९१ वकिलांना दिली. यादीत मंत्रिमंडळातले वकील आणि सत्ताधारी पक्षाचे आमदारही होते. अर्ज नाही, निवड समिती नाही. वकील मंडळींनीच मोठा आवाज उठवला.

ज्यांनी तीस-तीस वर्षं कोर्टात घालवली त्यांच्या आणि यांच्या नावापुढे आता तीच दोन अक्षरं. सामान्य माणूस फरक कसा ओळखणार? दाराबाहेरची पाटी वाचूनच तो आत जातो.

थेम्सकाठ

इंग्लंडातही हा रोग जुना आहे. वकील असलेल्या खासदाराला ठरावीक ज्येष्ठतेनंतर पदवी द्यायची पद्धत अनेक दशकं होती. बारमध्ये तिला 'कृत्रिम रेशीम' म्हणत. २००३ मध्ये सरकारने सगळ्या नेमणुकाच थांबवल्या, आणि मग सरकारबाहेरचं निवड मंडळ आलं. त्या पद्धतीची पहिली यादी २००६ ची. आता वकिलाने स्वतः अर्ज करायचा, ज्यांच्यापुढे चालवलं ते न्यायाधीश, विरुद्ध उभे राहिलेले वकील, पक्षकार यांची मतं मागवली जातात, मुलाखत होते. तरीही एक फट राहिलीच आहे. ॲटर्नी जनरल किंवा सॉलिसिटर जनरल म्हणून नेमलेल्या राजकारण्याला पदाबरोबर ही पदवी मिळते. सुएला ब्रेव्हरमन २०२० मध्ये अशाच क्यू. सी. झाल्या. स्टार्मर यांची २००२ ची पदवी खासदार होण्याच्या तेरा वर्षं आधीची, कोर्टात मिळवलेली. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. त्यांचं राजकारण पटो न पटो.

आणि बायकांना ही दारं किती उशिरा उघडली तेही लिहिते. इंग्लंडमध्ये पहिल्या दोन स्त्रिया, हेलेना नॉर्मंटन आणि रोझ हाइलब्रन, १९४९ मध्ये.

शेवंता

आपल्याकडे काय आहे? वकीलकाका सांगा ना.

वकील_सातारकर

आपल्याकडे राजाचं पेटंट नाही, कोर्टाचं पदनाम आहे. ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१, कलम १६. सर्वोच्च किंवा उच्च न्यायालय ठरवतं की हा वकील 'सिनिअर'. मग त्याला वकीलपत्र दाखल करता येत नाही, पक्षकाराकडून थेट काम घेता येत नाही, सोबत दुसरा वकील लागतोच. म्हणजे विलायतेतला सांगाडा तसाच ठेवलाय. बारमध्ये आम्ही 'डेझिग्नेट झाले' एवढंच म्हणतो.

निवड कशी करायची यावर मोठा वाद झाला. २०१७ मध्ये ज्येष्ठ वकील इंदिरा जयसिंग यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १०० गुणांची पद्धत आणली: वकिलीची वर्षं, निकालांतलं काम, लेखन, मुलाखत. मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने गुणांची पद्धत काढून टाकली, आता निर्णय सर्व न्यायाधीशांच्या बैठकीत. मला गुणांपेक्षा हे बरं वाटतं की नाही, अजून ठरत नाही. काही मिनिटांच्या मुलाखतीत वकील कळत नाही. पण बंद दारामागच्या बैठकीत जिल्ह्यातून आलेला, कोणाच्या चेंबरमध्ये न वाढलेला माणूस कळतो का, हाही प्रश्न आहेच. साताऱ्यात असे दोन-तीन जण माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

जुनीपानं

महाराष्ट्राने एक गंमत नव्हे, खरोखर सुंदर गोष्ट केली आहे. आपण 'बॅरिस्टर' ही साधी व्यवसायाची पायरीच मानाची पदवी करून टाकली. बॅ. जयकर, बॅ. नाथ पै, बॅ. अंतुले. नाथ पै राजापूरचे खासदार म्हणून बोलायला उभे राहिले की कोकणातल्या बाया-बापड्यासुद्धा 'बॅरिस्टर आले' म्हणायच्या. सावरकरांना तर ग्रेज इनने सनद नाकारली, तरी लोकांनी बॅरिस्टर म्हणणं सोडलं नाही. आणि जोसेफ बाप्टिस्टा! होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष, चिरोल खटल्याच्या वेळी टिळकांच्या पाठीशी उभे असलेले. त्यांना लोक 'काका' म्हणायचे.

रानवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. जुनीपानंताई, साक्षीचा भाग मी माझ्या टिपणात घेतोय.

काल मुंबईला कामानिमित्त गेलो होतो. हायकोर्टात एका ओळखीच्या वकिलांनी आत नेलं. जिथे १९०८ चा खटला चालला त्या मधल्या कोर्टाबाहेर टिळकांच्या शब्दांची पाटी आहे, १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागलांनी बसवलेली. ज्यूरीने काहीही ठरवलं तरी मी निर्दोष आहे, हे ते उद्गार. ज्या कोर्टाने शिक्षा दिली त्यानेच ती लावली आहे. बराच वेळ उभा होतो. शेजारून काळे गाऊन घातलेले वकील फायली घेऊन घाईने जात होते, त्यातला एक तरुण क्षणभर थांबला, पाटीकडे बघून मान लववली आणि आत गेला. आतून पुकारा झाला होता.

लंडनच्या त्या कोर्टात अशी काही खूण आहे का? थेम्सकाठ, कधी त्या बाजूला गेलात तर बघून सांगाल?

थेम्सकाठ

नक्की. स्ट्रँडवरचं रॉयल कोर्ट्स ऑफ जस्टिस माझ्या बसच्या वाटेवरच आहे. गुरुवारी उतरते.